एकापासून नऊपर्यंत आणि परत

१२३४५६७८९८७६५४३२१. सतरा अंकी संख्या. डावीकडून वाचा की उजवीकडून, तीच. उर्दूत मजकूर उजवीकडून डावीकडे चालतो, आकडे मात्र डावीकडून लिहायचे. लहान वर्गातली मुले इथे हमखास अडखळतात. ही संख्या त्यांना चुकूच देत नाही.

ती येते कुठून? नऊ वेळा १ लिहा आणि त्या संख्येचा वर्ग करा. १११११११११ गुणिले १११११११११. उभा गुणाकार मांडला की एकांच्या नऊ ओळी एकेक घर सरकत खाली येतात. कडेच्या घरात एकच १, पुढच्यात दोन, अगदी मधल्या घरात नऊ. हातचा कुठेच येत नाही, म्हणून जिना चढतो तसाच उतरतो. दहा वेळा १ घेतला की मधल्या घरात दहा जमतात, हातचा येतो आणि जिना मोडतो : १२३४५६७९००९८७६५४३२१.

असा जिना आपल्याकडे फार जुना आहे. इसवी सन ८५० च्या सुमारास, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, महावीराचार्य या जैन गणितज्ञाने 'गणितसारसंग्रह' लिहिला. वेरूळचे कैलास लेणे याच राष्ट्रकूट घराण्याचे, आणि वेरूळ आमच्याच जिल्ह्यात. महावीराचार्य २७९९४६८१ ला ४४१ ने गुणायला सांगतात. उत्तर येते १२३४५६५४३२१. सहा एकांचा वर्गही तोच! त्याच शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिज्मी हिंदी अंकांनी हिशेब कसा करावा यावर ग्रंथ लिहीत होता. आपले शून्य अरबीत 'सिफ्र' झाले आणि युरोपात 'झिरो'. गणित कोणत्या धर्माचे, असे विचारणाऱ्याने आधी या प्रवासाचा हिशेब द्यावा.

मग आले दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. जन्म डहाणू, १९०५. १९३० ते १९६२ देवळालीत शाळामास्तर. देवळाली म्हणजे आमच्या वैजापूरला लागून असलेला नाशिक जिल्हा. डोंबिवली स्टेशनवर कल्पना सुचली म्हणून अशा संख्यांना त्यांनी 'डेम्लो' म्हटले. त्या स्टेशनचे तेव्हाचे नाव ते. ६१७४ चा त्यांचा शोध १९४९ चा. पदव्युत्तर शिक्षण नाही, म्हणून अनेक विद्वानांनी त्यांचे काम पोरखेळ ठरवले. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्यावर लिहिले, तेव्हा कुठे जगाचे लक्ष गेले. उर्दू माध्यमाच्या मुलांना गणित झेपत नाही, असे कुणी सहज बोलून गेले की मला हा मास्तर आठवतो आणि संतापही येतो.

अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या संख्येला कापरेकरांनी 'हर्षद' हे नाव दिले. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज करा : ८१. भाग जातो का? १११११११११ ला ९ ने पूर्ण भाग जातो, उत्तर १२३४५६७९, आठ गायब! म्हणून त्याच्या वर्गाला ८१ ने भाग जाणारच.

एक्सेलमध्ये मात्र हे तपासू नका. तिथे पंधराच अंक टिकतात, शेवटच्या २१ च्या जागी दोन शून्ये येतात. चौकटीची वही घ्या, सतरा घरे आखा.