सोमवारचं मौन आणि एकवीस दिवस

आमच्या टीममध्ये सध्या उपासांची साथ आलेली आहे. एक जण सोळा तास काही खात नाही. दुसऱ्याने फोनमधून फेसबुक आणि इन्स्टाग्राम काढून टाकलंय. तिसरा दोन्ही करतो आणि दिवसभर त्याबद्दल व्हॉट्सॅपवर सांगत असतो (चालायचंच!). सिलिकॉन व्हॅलीत २०१९ च्या सुमारास या प्रकाराला 'डोपामिन फास्टिंग' असं भारदस्त नाव मिळालं. त्याच वर्षी ट्विटरचे एक संस्थापक जॅक डॉर्सी यांनी आपण दिवसातून एकदाच जेवतो असं जाहीर केलं होतं. दुनियेला दिवसभर चरत ठेवणारं यंत्र बांधणारा माणूस स्वतः मात्र एकभुक्त, ही गंमत मला फार आवडते.

असो. पोट आणि तोंड, दोन्ही ठरवून बंद ठेवण्याचा प्रयोग ज्याने वर्षानुवर्षं केला आणि त्याबद्दल सविस्तर लिहूनही ठेवलं, असा एक माणूस आपल्या घरातलाच आहे. गांधी. त्यांचं राजकारण जरा बाजूला ठेवून बोलू या असं मी म्हणणार होतो, पण ते जमत नाही. का ते पुढे येईलच.

सुरुवात आईपासून होते. पुतळीबाईंनी एका चातुर्मासात सूर्यदर्शन झाल्याशिवाय जेवायचं नाही असं व्रत धरलं होतं. पावसाळ्यात सूर्य कुठला दिसायला? मुलं आकाशाकडे डोळे लावून बसायची. सूर्य दिसला की ओरडायची, आणि आई बाहेर येईपर्यंत तो पुन्हा ढगात. आज देवाच्या मनात मला जेवू घालायचं नाही असं म्हणून ती शांतपणे कामाला लागायची. आत्मकथेच्या पहिल्याच प्रकरणात हे आहे.

मुलाचा प्रयोग मात्र वेगळा. दक्षिण आफ्रिकेत १९१० मध्ये हर्मन कॅलनबाख या वास्तुविशारद मित्राने दिलेल्या सुमारे ११०० एकरांवर जोहान्सबर्गजवळ टॉल्स्टॉय फार्म उभा राहिला. तिथल्या शाळेत चार-पाच मुसलमान मुलं होती. रमजान आला तेव्हा गांधींनी त्यांना रोजे धरायला उत्तेजन दिलं आणि हिंदू, पारशी, ख्रिस्ती मुलांनाही सोबतीला उपास करायला सांगितलं. मुलांना त्याचा त्रास तर झाला नाहीच, उलट एकमेकांना सांभाळून घ्यायची सवय लागली. एकट्याने केलेला उपास आणि सगळ्यांनी मिळून केलेला उपास यांत केवढा फरक असतो, हे ज्याच्या घरी आषाढी एकादशी होते त्याला सांगायला नको.

याच काळात त्यांना एक गोष्ट खटकली. उपास म्हणून फलाहार करायचा, तर जीभ धान्याइतकीच, किंबहुना जास्तच चवीने फळांवर तुटून पडते. म्हणून त्यांनी अशा दिवशी पूर्ण उपास किंवा एकच जेवण असं सुरू केलं. आपण मराठी लोकांनी हा प्रश्न केव्हाच सोडवलाय: एकादशी आणि दुप्पट खाशी. इथे जरा विषयांतर करतो. साबुदाणा ज्या कंदापासून बनतो तो टॅपिओका मूळचा अमेरिका खंडातला. शेंगदाणा, बटाटा, रताळं, हिरवी मिरची, राजगिरा, सगळे तिकडचेच. म्हणजे आपली खिचडी पोर्तुगीज जहाजं यायच्या आधीच्या कुठल्याही व्रतात असणं शक्यच नाही. वरी आणि शिंगाडा तेवढे इकडचे जुने. 'उपासाला चालतं' या यादीचा इतिहास कोणीतरी नीट लिहायला हवा.

पहिला मोठा उपास १९१३ चा. फीनिक्स आश्रमातल्या दोघांचं नैतिक पतन झाल्याचं कळल्यावर गांधींनी सात दिवस उपास केला आणि साडेचार महिने एकभुक्त राहण्याचं व्रत घेतलं. पुढचा चौदा दिवसांचा. तेव्हा पाणी प्यायला मळमळायचं म्हणून ते पाणी फार कमी प्यायले. घसा कोरडा पडला, शेवटी आवाज पार खोल गेला. ही चूक त्यांनी लिहून ठेवलेली आहे. उपास संपल्यावर चालायची घाई केली आणि १९१४ मध्ये इंग्लंडला जाताना बोटीवर पाय दुखत राहिले, हेही लिहिलंय. मला हा माणूस इथे ओळखीचा वाटतो. काय बिघडलं ते नोंदवायचं आणि पुढच्या वेळी बदलायचं. आमच्या धंद्यात हेच करतात, फक्त आम्ही ते दुसऱ्याच्या कोडबद्दल जास्त आवडीने करतो :)

पण माझ्या मते खरी युक्ती उपासात नाही, मौनात आहे. सोमवारी बोलायचं नाही. सुरुवातीचं कारण अगदी व्यवहारी होतं. माणसं सतत येत, बोलून बोलून थकवा येई, आणि लिहायचं राहून जाई. मौनाचं आध्यात्मिक मोल त्यांना नंतर जाणवलं. सोमवार म्हणजे पत्रं आणि लेख उरकायचा दिवस. 'यंग इंडिया', 'नवजीवन' आणि पुढे 'हरिजन' अशी साप्ताहिकं चालवणाऱ्याला हा दिवस लागणारच. कोणी भेटायला आलं तर चिठ्ठीवर उत्तर. बघा, जगाशी संपर्क तोडलेला नाही, फक्त त्याचा वेग कमी केलेला आहे. बोलणाऱ्याला वाट पाहायला लावायची, एवढंच. १९२६ मध्ये तर ते जवळजवळ वर्षभर राजकीय दौरे सोडून साबरमतीला राहिले. आश्रमात गीतेवर प्रवचनं दिली, आत्मकथेची प्रकरणं लिहिली.

आता राजकारण. ऑगस्ट १९३२ मध्ये ब्रिटिशांनी जातीय निवाडा जाहीर करून अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ दिले. गांधी तेव्हा पुण्यात येरवड्याच्या तुरुंगात होते. २० सप्टेंबरला त्यांनी आमरण उपोषण सुरू केलं. २४ तारखेला डॉ. आंबेडकरांनी करारावर सही केली. स्वतंत्र मतदारसंघ गेले. प्रांतिक विधिमंडळांतल्या राखीव जागा ७१ च्या १४८ झाल्या. आंबेडकरांवर त्या चार दिवसांत काय दडपण होतं याची कल्पना करा. गांधी गेले असते तर त्याची किंमत गावोगावच्या दलित वस्त्यांनी मोजली असती. १९४५ च्या पुस्तकात आंबेडकरांनी या उपोषणावर अत्यंत कडक शब्दांत टीका केली, आणि मला ती पटते. जो उपास स्वतःच्या जिभेला शिस्त लावायला शिकला गेला, तोच इथे दुसऱ्याच्या हाताला सही करायला लावतो. आठच महिन्यांनी, ८ मे १९३३ ला, गांधींनी पुन्हा २१ दिवसांचा उपास धरला. तो आत्मशुद्धीसाठी होता, कुणाकडे काही मागणं नव्हतं. सरकारने त्याच दिवशी त्यांना सोडलं आणि उरलेले दिवस ते पुण्यातच 'पर्णकुटी' बंगल्यात होते. शरीर तेच, शहर तेच, पण मला हे दोन उपास एका नावाने हाक मारावेसे वाटत नाहीत.

मौनाने असं कुणाला वेठीला धरल्याचं मला आठवत नाही. उलट त्याची कसोटी लागली ती २ जून १९४७ ला. फाळणीची योजना नेत्यांपुढे ठेवली गेली तो दिवस, आणि वार सोमवार. गांधी माउंटबॅटनना भेटायला गेले आणि बोललेच नाहीत. वापरलेल्या लिफाफ्यांच्या पाठीवर पेन्सिलीने लिहून दिलं. त्यात हेही लिहिलं की हे मौन ठरवतानाच दोन अपवाद ठेवले होते, मोठ्या अधिकाऱ्याशी तातडीचं काम आणि आजाऱ्याची सेवा. म्हणजे तोंड उघडायची सोय नियमातच होती. तरी त्यांनी ती वापरली नाही. देश तुटत असताना सोमवार पाळणं बरोबर होतं का, यावर मी बरेच शनिवार-रविवार घालवलेत. माझं मत असं, की त्या खोलीत त्यांचं ऐकणारं कोणी उरलं नव्हतं आणि ते त्यांना कळलं होतं.

अडीच महिन्यांनी दोन्ही व्रतं एकाच दिवशी आली. १५ ऑगस्ट १९४७ ला दिल्लीत रोषणाई चालू होती. गांधी कलकत्त्यात बेलियाघाटाच्या हैदरी मंझिलमध्ये, दंग्यांनी पोळलेल्या वस्तीत होते. या दिवसासाठी संदेश द्या अशी सरकारी प्रसिद्धी खात्याची मागणी त्यांनी नाकारली. बीबीसीलाही नकार दिला. महादेवभाई देसाईंना जाऊन त्या तारखेला पाच वर्षं झाली होती. दिवसभर उपास, प्रार्थना आणि सूतकताई.