रजा, सुट्टी, विश्रांती : वैमानिकाच्या न उडण्याचा इतिहास

विमानांच्या इतिहासावर व्याख्यान म्हटलं की राइट बंधू, जेआरडी, पहिलं उड्डाण असं काहीतरी अपेक्षित असतं. मी आज उलट्या बाजूनं बोलणार आहे. वैमानिक ज्या दिवशी उडत नाही, त्या दिवसाचा हा इतिहास आहे. तो दिवस कोणाचा? कंपनीचा, वैमानिकाचा, की मागे बसलेल्या दीडशे-दोनशे माणसांचा? प्रश्न दिसायला रोस्टरचा आहे, पण आत शिरलं की तो हक्क आणि कर्तव्य यांच्या नात्याचा होतो. म्हणून माझ्यासारख्याला त्यात बोलायची हिंमत झाली.

सुरुवात शब्दांपासून करतो, ती माझी जुनी खोड आहे. 'रजा' हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला. त्याचा मूळ अर्थ संमती, मर्जी. 'राजी' आणि 'राजीनामा' हे त्याच घरातले. म्हणजे रजा ही मागायची गोष्ट, कोणीतरी राजी झालं तर मिळायची. 'सुट्टी' सुटण्यातून आली, ती मागावी लागत नाही, घंटा झाली की पोरं सुटतात. आणि 'विश्रांती' तिसरीच, श्रम उतरणं. ती कोणी मंजूर करू शकत नाही आणि नामंजूरही करू शकत नाही. शरीराला ती मिळते किंवा मिळत नाही. आपण सरकारी नोकरीत वाढलेली माणसं हे तिन्ही शब्द एकाच अर्थानं वापरतो. केंद्र सरकारच्या १९७२ च्या रजा नियमांत तर साफ लिहिलंय की रजा हक्क म्हणून मागता येणार नाही. आम्ही प्राध्यापक मे महिन्यात सुटायचो, त्यामुळे आम्हाला याची झळ कमी लागली, ते असो. वैमानिकाच्या आयुष्यात मात्र हे तीन शब्द वेगळे ठेवावे लागतात. ते एकमेकांत मिसळले की काय होतं, ते आपण पाहणार आहोत.

पहिला टप्पा अमेरिकेतला. १९१८ साली तिथल्या टपाल खात्यानं विमानातून टपाल न्यायला सुरुवात केली. विमानं उघडी, यंत्रं बेभरवशाची, आणि वॉशिंग्टनमध्ये बसलेले ऑटो प्रेगर नावाचे अधिकारी वेळापत्रकाबाबत अतिशय कडक. त्या सेवेच्या नऊ-दहा वर्षांत तिसाहून अधिक वैमानिक मेले. जुलै १९१९ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या बेलमॉन्ट पार्कच्या मैदानावर दाट धुकं होतं. एका वैमानिकानं उडायला नकार दिला. दुसऱ्याला सांगितलं, त्यानंही नकार दिला. दोघांनाही काढून टाकलं. त्यावर बाकीच्या वैमानिकांनी काम थांबवलं. काही दिवसांत तडजोड झाली. दोघांपैकी एकाला परत घेतलं, आणि विमान निघायचं की नाही याचा निर्णय राजधानीऐवजी मैदानावरच्या माणसानं घ्यायचा असं ठरलं.

बघा, इथे कोणी रजा मागत नव्हतं. पगारवाढही मागत नव्हतं. मागणी एवढीच होती की 'आज नको' म्हणण्याचा अधिकार ज्याच्या डोळ्यांसमोर धुकं आहे त्याच्या जवळ असावा. माझ्या मते वैमानिकाच्या सगळ्या रजेचं मूळ इथे आहे. पुढे धुकं बाहेरचं राहिलं नाही, आतलं झालं. ताप, झोप, मन. प्रश्न तोच राहिला.

१९३१ मध्ये डेव्हिड बेंकी या वैमानिकाच्या पुढाकारानं अमेरिकन वैमानिकांची संघटना स्थापन झाली. मंदीचा काळ होता, कंपन्या पगार कापत होत्या आणि तास वाढवत होत्या. १९३४ मध्ये तिथल्या राष्ट्रीय श्रम मंडळानं एक निवाडा दिला, तो 'निर्णय क्रमांक ८३' म्हणून ओळखला जातो. त्यात महिन्याला जास्तीत जास्त ८५ तास उड्डाण अशी मर्यादा घातली गेली. १९३८ च्या नागरी विमान वाहतूक कायद्यानं त्या निर्णयाला कायद्याचं बळ दिलं. आपल्याकडे अजून लोक म्हणतात, काय चैन आहे, महिन्याला ८५ तास काम! त्यांना सांगावं लागतं की हे तास विमान हललं की सुरू होतात आणि थांबलं की संपतात. त्याआधीचं आवरणं, विमानतळ गाठणं, हवामानाचे कागद, दोन उड्डाणांमधली वाट पाहणं, परक्या गावातल्या हॉटेलातली अर्धवट झोप, यातलं त्यात काहीच धरलेलं नसतं.

यानंतर दोन वाटा फुटल्या. एक वाट कराराची. वार्षिक रजा किती, कोणाला कधी, आजारपणाचे किती तास दरमहा जमा होणार, हे कंपनी आणि संघटना ठरवू लागल्या. अमेरिकेत यातलं जवळजवळ सगळं ज्येष्ठतेवर चालतं. वर्षातून एकदा रजेची पसंती मागवतात, यादीतला पहिला आधी निवडतो, शेवटचा उरलंसुरलं घेतो. नाताळची सुट्टी केस पिकल्यावरच. आणि कंपनी बदलली की पुन्हा यादीच्या तळाला, मग आधी कितीही वर्षं उडालेले असा. त्यातून गमतीदार शहाणपण जन्माला आलं. काही जण कॅप्टनची बढती मुद्दाम नाकारतात, कारण कनिष्ठ कॅप्टन होण्यापेक्षा ज्येष्ठ सहवैमानिक राहिलं तर सण घरी साजरा करता येतो. काही जण रजेच्या आठवड्याच्या कडेला अशी फेरी मागून घेतात, जिचा एखादा दिवस रजेत शिरतो. मग अनेक करारांप्रमाणे ती अख्खी फेरीच सुटते आणि आठवड्याची रजा दहा-बारा दिवसांची होते. याला कोणी लबाडी म्हणेल. मी म्हणणार नाही, करारात आहे ते वाचता येणं हा गुन्हा नाही.

दुसरी वाट कायद्याची, आणि ती जास्त महत्त्वाची. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमांनुसार प्रकृती अशी बिघडली असेल की काम सुरक्षितपणे करता येणार नाही, तर परवानाधारकानं तो परवाना वापरायचाच नाही. इथे थोडं थांबू या. तुम्ही-आम्ही ताप आला तर वैद्यकीय रजा 'घेऊ शकतो'. नाही घेतली, शिंकत कचेरीत गेलो, तर लोक कौतुक करतात, काय निष्ठा आहे म्हणतात. वैमानिकानं तसं केलं तर तो नियम मोडतो. हक्क सोडून देता येतो, कर्तव्य सोडता येत नाही. आजारी वैमानिकाचं घरी राहणं हे कर्तव्य आहे. पण व्यवहारात ते रजेच्या खात्यातून जातं, पगाराशी बांधलेलं असतं, वरिष्ठाच्या भुवयांशी बांधलेलं असतं. कर्तव्य म्हणून लादायचं आणि सवलत म्हणून मोजायचं, असा हा दुटप्पी कारभार आहे.

याची किंमत काय, ते १२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री दिसलं. नेवार्कहून बफेलोला जाणारं कोलगन एअरचं छोटं विमान कोसळलं. विमानातले ४९ आणि जमिनीवरचा एक, अशी पन्नास माणसं गेली. सहवैमानिक तरुणी अमेरिकेच्या पश्चिम टोकाला, सिअॅटलजवळ राहत होती. कामाला हजर व्हायला ती आदल्या रात्री मालवाहू विमानांतून देश ओलांडून आली होती. तिला सर्दी होती. कॉकपिटमधल्या ध्वनिमुद्रणात तिचं बोलणं आहे, आणि त्याचा आशय असा की, असं घरीच वाटलं असतं तर मी आलेच नसते, आता आजारी म्हणून कळवलं तर बरं होईपर्यंत हॉटेलचा खर्च माझ्याच माथी. चौकशी मंडळानं अपघाताचं कारण कॅप्टनच्या चुकीच्या प्रतिसादात शोधलं, तिच्या सर्दीत नाही, आणि आपणही ते तसं जोडू नये. पण एका माणसाच्या 'आज नको'च्या आड हॉटेलचं बिल उभं होतं, हे त्या टेपवर नोंदलं गेलं. मृतांच्या नातेवाइकांनी पाठपुरावा सोडला नाही. २०१० मध्ये कायदा झाला, आणि जानेवारी २०१४ पासून अमेरिकेत नवे नियम लागू झाले. ड्यूटीआधी दहा तास विश्रांती, त्यात आठ तास झोपेची संधी, आणि प्रत्येक वैमानिकानं कामावर तंदुरुस्त हजर होण्याची जबाबदारी. मालवाहू विमानांना त्यातून वगळलं. खोक्यांनी भरलेल्या विमानाचा वैमानिक कमी दमतो, असं त्यांना वाटलं असावं.

दुसरं उदाहरण याहून जड आहे. २४ मार्च २०१५, जर्मनविंग्जचं विमान फ्रान्सच्या आल्प्समध्ये. सहवैमानिकानं ते मुद्दाम डोंगरावर घातलं, दीडशे माणसं गेली. तपासात निघालं की डॉक्टरांनी त्याला कामासाठी अयोग्य ठरवलं होतं, आजारपणाची प्रमाणपत्रं दिली होती, त्या दिवसाचंसुद्धा. ती कंपनीपर्यंत पोचलीच नाहीत. त्याच्या कृत्याचं समर्थन कोणीही करणार नाही. पण फ्रेंच चौकशी संस्थेनं त्यापलीकडे पाहिलं. परवाना गेला तर उत्पन्न जाईल, ही भीती वैमानिकांना आजार लपवायला लावते, असं तिनं नोंदवलं. या आर्थिक भीतीवर उपाय करा आणि सहकाऱ्यांनी सहकाऱ्यांना आधार देण्याची व्यवस्था उभारा, अशी शिफारस केली. म्हणजे न वापरलेली रजा हाही सुरक्षेचा प्रश्न आहे, हे एका सरकारी अहवालात आलं.

आता नाण्याची दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल प्राध्यापक वैमानिकांचे वकील झाले. जिथे संपाची दारं बंद असतात तिथे आजारपण हत्यार बनतं. अमेरिकेत विमान कंपन्यांचे कर्मचारी रेल्वेच्या श्रम कायद्याखाली येतात, तिथे संपाआधी लांबलचक पायऱ्या आहेत. फेब्रुवारी १९९९ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सचे शेकडो वैमानिक एकदम 'आजारी' पडले. वाद होता रेनो एअर ही कंपनी विकत घेण्यावरून. न्यायाधीशांनी कामावर या म्हटलं, तरी आजार लगेच हटला नाही, आणि संघटनेला सुमारे साडेचार कोटी डॉलरची भरपाई ठोठावली गेली. आपल्या मुंबईत सप्टेंबर २००९ मध्ये जेट एअरवेजच्या वैमानिकांनी हेच केलं. संघटना उभारणाऱ्या सहकाऱ्यांना काढून टाकल्याचा राग होता, आणि उच्च न्यायालयानं संपाला मनाई केली होती. मग अनेकांनी सिक लीव्ह टाकली. पाच दिवस विमानतळावर हाहाकार. रागाचं कारण मला समजतं. पण खोट्या आजारानं खऱ्या आजाराची पत जाते, हे मला सगळ्यात खुपतं. पुढच्या वेळी कोणी खरंच तापानं फणफणलेला फोन करतो तेव्हा पलीकडचा माणूस आधी कॅलेंडर बघतो.

कंपन्यांच्या हिशेबाचा एक नमुनाही पाहा. २०१७ मध्ये रायनएअरला रजेचं वर्ष बदलून जानेवारी ते डिसेंबर करायचं होतं. त्यामुळे वैमानिकांच्या रजा थोड्या महिन्यांत कोंबाव्या लागल्या, आणि सप्टेंबरमध्ये जाहीर करावं लागलं की सहा आठवडे रोज चाळीस-पन्नास उड्डाणं रद्द. पुढे हिवाळ्यातली आणखी हजारो. कामगार संघटनांना कधी दारात उभं न करणाऱ्या त्या कंपनीनं त्याच डिसेंबरमध्ये वैमानिकांच्या संघटनांना मान्यता देण्याची तयारी दाखवली.

आणि आता आपल्याकडे. २२ मे २०१० रोजी दुबईहून रात्रभर उडून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान मंगळूरच्या टेकडीवरच्या धावपट्टीवरून पुढे गेलं. १५८ माणसं गेली, आठ वाचली. कॅप्टन प्रवासाचा मोठा भाग झोपला होता, आणि जाग आल्यावरची गुंगी त्याच्या निर्णयांवर होती, असं चौकशी न्यायालयाला आढळलं. रात्र आणि पहाट यांचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो, हे त्यानंतर कोणाला पटवायची गरज उरायला नको होती. तरी नव्या नियमांना बरीच वर्षं लागली. डीजीसीएनं २०२४ च्या जानेवारीत ते जाहीर केले, कंपन्यांनी वेळ मागितला, वैमानिक दिल्ली उच्च न्यायालयात गेले, आणि २०२५ मध्ये जुलै आणि नोव्हेंबर अशा दोन हप्त्यांत ते लागू झाले. साप्ताहिक विश्रांती ३६ वरून ४८ तास. रात्रीचे लँडिंग सहावरून दोन.

त्याबरोबर एक छोटी सूचनाही होती. साप्ताहिक विश्रांतीच्या जागी रजा धरता येणार नाही. माझ्यासारख्या शब्दांच्या माणसाला ती वाचून बरं वाटलं. तिचा अर्थ व्यवहारात असा. समजा वैमानिक तीन दिवस तापात होता आणि त्यानं आजारपणाची रजा घेतली. पूर्वी कंपनी म्हणू शकत होती, तीन दिवस घरी होतास ना, मग आठवड्याची विश्रांती झाली, उद्या पहाटे ड्यूटी. आता असं म्हणता येणार नव्हतं. तापात पडून राहणं म्हणजे विश्रांती नव्हे. बहिणीच्या लग्नात चार दिवस पंगती वाढणं म्हणजेही विश्रांती नव्हे. कंपन्यांची अडचण खोटी नव्हती, रजेवर आणखी ४८ तास म्हणजे तितके वैमानिक जास्त हवेत. पण ते लागणार हे दोन वर्षं आधी माहीत होतं.

डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोचं वेळापत्रक कोसळलं. ५ तारखेला एका दिवसात हजाराहून अधिक उड्डाणं रद्द झाली. बॅगांचे डोंगर, लग्नं चुकलेली, परीक्षा चुकलेल्या, मुंबई-पुण्याच्या विमानतळांवर जमिनीवर झोपलेली माणसं, हे आपण सगळ्यांनी पाहिलं. त्याच दिवशी डीजीसीएनं ती सूचना मागे घेतली, आणि तीही फक्त एका कंपनीपुरती नव्हे, सगळ्यांसाठी. इंडिगोला रात्रीच्या नियमांतून तात्पुरती सूटही मिळाली. वैमानिकांच्या संघटनांनी विरोध केला, पण त्या गर्दीत तो कोणाला ऐकू येणार? जमिनीवर झोपलेल्या प्रवाशाला त्या क्षणी विमान हवं होतं, आणि ते चालवणारा किती झोपलाय हा प्रश्न त्याला सुचला नाही, तर मी त्याला दोष देणार नाही. नियम करणाऱ्यांना मात्र तो सुचायला हवा होता, कारण तेवढंच त्यांचं काम आहे. ४८ तासांचा नियम कागदावर तसाच राहिला. फक्त त्या ४८ तासांत काय मोजायचं हे पुन्हा मोकळं झालं, आणि एका ओळीपुरते वेगळे झालेले ते दोन शब्द पुन्हा एकाच रकान्यात गेले.

वेळ झालीये, संयोजक घड्याळाकडे बघतायत. प्रश्न असतील तर घेतो.