एअर रायफलची साइट नीट बसेना? आधी मोजमाप, मग दुरुस्ती

आकुर्डी - ‘शंभर मायक्रॉन’ म्हणजे किती, हे आकुर्डी-चिंचवड-भोसरी पट्ट्यातील कामगाराला समजावून सांगावे लागत नाही. मिलिमीटरच्या दहाव्या भागाची चूक झाली, तर मशिनवरून उतरलेला भाग बहुधा नाकारलेल्या मालात जातो. दहा मीटर एअर रायफल नेमबाजीतही हाच दहावा भाग निर्णायक ठरतो. मूळ उत्पादकाऐवजी दुसऱ्याच कंपनीची साइट रायफलवर बसविणाऱ्या हौशी नेमबाजांना त्याचा अनुभव अनेकदा उशिरा येतो. गोळ्या भरकटू लागतात, दोष हाताला किंवा श्वासाला दिला जातो आणि खरे कारण पट्टीवर डुलणाऱ्या साइटमध्ये असते.

गणित सोपे आहे
एअर रायफलच्या लक्ष्यावर दहाचा ठिपका केवळ ०.५ मिलिमीटर व्यासाचा असतो आणि लगतच्या दोन वर्तुळांमध्ये २.५ मिलिमीटरचे अंतर असते. पुढील व मागील साइटमधील अंतर सुमारे ८०० मिलिमीटर धरले, तर मागील साइट ०.१ मिलिमीटर बाजूला सरकताच दहा मीटरवरील छर्रा १.२५ मिलिमीटर सरकतो. हे अर्धे वर्तुळ झाले. दशांश गुणपद्धतीत त्याची किंमत अर्धा गुण होते.

अर्धा गुण किती मोठा असतो, हे ८ ऑगस्ट २०१६ रोजी रिओ ऑलिंपिकमध्ये दिसले. स्पर्धेच्या दिवशी अभिनव बिंद्रा याच्या रायफलची साइट तुटली आणि त्याला पर्यायी साइट बसवून उतरावे लागले. तरीही त्याने अंतिम फेरी गाठली. तेथे युक्रेनच्या सेरही कुलिश याच्याशी बरोबरी झाल्यावर जादा शॉटमध्ये कुलिशने १०.५, तर बिंद्राने १० गुण मिळविले. बिंद्रा चौथा आला. या निकालाचे खापर साइटवर फोडण्याचे कारण नाही. मात्र ऐनवेळी बसविलेला भागही चोख बसावा लागतो, हे त्यावरून ध्यानात येते.

साइट का बसत नाही?
बहुतेक एअर रायफलींच्या माथ्यावर ‘डोव्हटेल’ पद्धतीची पट्टी असते. तिची रुंदी ११ मिलिमीटर म्हणून सांगितली जाते. प्रत्यक्षात उत्पादकागणिक ती थोडी कमी-अधिक असते. खाचेच्या तिरप्या कडांचा कोनही सर्वत्र सारखा नसतो. त्यामुळे साइटचा जबडा पूर्ण पृष्ठभागावर टेकण्याऐवजी एखाद्या रेषेवरच चावतो. स्क्रू कितीही आवळला, तरी पकड येत नाही. उलट पट्टीवर ओरखडे उठतात आणि साइट एका बाजूला कलते.

स्प्रिंगच्या रायफलींत आणखी एक अडचण येते. पिस्टनमुळे या रायफलीला आधी मागे आणि लगेच पुढे असा दुहेरी हिसका बसतो. सैल साइट त्यामुळे प्रत्येक शॉटबरोबर थोडी थोडी सरकत जाते. अशा रायफलीवर साइट अडवून धरणारी ‘स्टॉप पिन’ असणे आवश्यक असते. दाबलेल्या हवेच्या सिलिंडरवर चालणाऱ्या स्पर्धा-रायफलींना हा हिसका नगण्य असतो.

कामाचा क्रम
हत्याराला हात लावण्यापूर्वी नळीत छर्रा नाही, याची खात्री करावी. बोल्ट उघडा ठेवावा आणि नळीचे तोंड सुरक्षित दिशेला असावे. स्प्रिंगची रायफल ताणलेल्या अवस्थेत कधीही उघडू नये.

यानंतर व्हर्नियर कॅलिपरने पट्टीची रुंदी पुढे, मध्ये आणि मागे अशा तीन ठिकाणी मोजावी. साइटच्या जबड्याचेही तसेच मोजमाप घ्यावे. जबड्याच्या आतील बाजूस ‘मार्किंग ब्लू’चा अगदी पातळ थर द्यावा, साइट हलक्या हाताने आवळावी आणि पुन्हा काढावी. निळा रंग पट्टीवर जेथे उमटला, तेथेच साइट टेकते आहे. दोन्ही बाजूंना सलग पट्टा उमटला, तर बसणी योग्य समजावी. एकाच टोकाला ठिपका दिसला, तर दोष तेथे शोधावा.

अनेकदा कारण किरकोळ असते. जबड्यातील रंगाचा जाड थर किंवा कापताना राहिलेली धातूची कोर बारीक कानशीने काढली, की काम भागते. जबडा रुंद असेल, तर पितळी किंवा पोलादी शिम वापरावी. शिम दोन्ही टोकांना सारख्याच जाडीची असावी. कागदाच्या घड्या किंवा चिकटपट्टी वापरू नये. त्या दाबाखाली चेपतात आणि आठवडाभरात साइट पुन्हा सैल होते.

कोनच चुकीचा असेल, तर जबडा मिलिंग मशिनवर दुरुस्त करून घ्यावा. या सगळ्या कामात एक नियम मोडू नये. कानस बाहेरून आणलेल्या भागावर चालवावी, रायफलीवर नव्हे. साइट बिघडली तर दुसरी आणता येते. पट्टी घासली गेली तर मूळ साइटही पुन्हा नीट बसत नाही.

आकुर्डीत बजाज ऑटोच्या कारखान्यातील दुचाकींचे उत्पादन २००७ मध्ये थांबले. परंतु वाहन उद्योगाला सुटे भाग पुरविणारी छोटी वर्कशॉप परिसरात आजही आहेत. जबडा दुरुस्त करणे तेथील फिटरच्या हातचा मळ आहे. मात्र त्याच्याकडे केवळ साइट आणि पट्टीची मापे घेऊन जावे. रायफल नेण्याची गरज नाही.

कललेली साइट ओळखा
साइट घट्ट बसली, तरी ती सरळ असेलच असे नाही. साइट दोन अंशांनी कलली असेल, तर छर्रा १० मिलिमीटर वर नेताना तो सुमारे ०.३५ मिलिमीटर बाजूलाही सरकतो. स्क्रू एकेक करून न आवळता आळीपाळीने, थोडे थोडे आवळावेत. ॲल्युमिनिअममधील आटे लवकर मरतात, हे विसरू नये. स्क्रू सैल होत असेल, तर पुन्हा उघडता येईल असे मध्यम ताकदीचे थ्रेड लॉकर वापरावे.

अखेरची परीक्षा
रायफल टेकूवर ठेवून दहा मीटरवरून पाच छर्रे मारावेत. साइट काढून पुन्हा बसवावी आणि नव्या लक्ष्यावर आणखी पाच मारावेत. दोन्ही गटांचा मध्य जवळपास एकाच ठिकाणी आला, तर दुरुस्ती यशस्वी झाली. मध्य सरकला, तर पुन्हा निळ्या रंगापासून सुरुवात करावी. ही चाचणी अंगणात किंवा गच्चीवर न करता अधिकृत रेंजवरच करावी. आकुर्डीकरांना बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडानगरीतील शूटिंग रेंज जवळ आहे.

येथे हात लावू नये
ट्रिगरची यंत्रणा, स्प्रिंग, हवेचा सिलिंडर आणि दाब नियंत्रित करणारा रेग्युलेटर हे भाग घरी उघडू नयेत. स्पर्धा-रायफलीच्या सिलिंडरमध्ये २०० बारपर्यंत दाब असतो आणि सिलिंडरची मुदत तपासणे ही नेमबाजाचीच जबाबदारी असते. ताकद वाढविणारे भाग तर टाळलेलेच बरे. शस्त्र नियम, २०१६ नुसार २० ज्यूलहून अधिक ऊर्जेची किंवा ४.५ मिलिमीटरहून मोठ्या व्यासाची एअर रायफल परवान्याच्या कक्षेत येते. चुकीचा भाग बसविणारा हौशी नेमबाज अशा वेळी नकळत कायद्याच्या कचाट्यात सापडू शकतो.

स्पर्धेत उतरणाऱ्यांनी आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाचे नियमही पाहावेत. दहा मीटर एअर रायफलचे वजन साइटसह ५.५ किलोपेक्षा अधिक चालत नाही आणि दुर्बिणीच्या साइटला परवानगी नाही. नवा भाग बसविल्यावर रायफल एकदा काट्यावर ठेवावी. स्पर्धेच्या दिवशी साहित्य तपासणीत अडकण्यापेक्षा ते केव्हाही बरे.