कोटाचा ताळेबंद

भंडारा जिल्ह्यात मे महिन्यात कोट घालणारा माणूस एकतर नवरदेव असतो, नाहीतर त्याला थंडीताप भरलेला असतो. यंदा या यादीत मामाची भर पडली. भाचीच्या लग्नात मी कोटातच दिसलं पाहिजे, असा ठराव आमच्या घरी एकमताने पास झाला. माझं मत कुणी विचारलं नव्हतं, म्हणूनच तो एकमताने झाला.

माझ्याकडे कोट होता. तीन वर्षांपूर्वी मेव्हण्याच्या लग्नाला, 'सुटावर सूट' अशी पाटी वाचून, मी तो तयार घेतला होता. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. सूट म्हटलं की आमची सारासारबुद्धी सुटते. दोन पावसाळे आणि दोन धुलाया झाल्यावर त्याच्या छातीवर पुऱ्या फुगाव्यात तसे फुगे आले. ही म्हणाली, "हा घालून मांडवात गेलात तर पाहुणे पंगत बसली म्हणून हात धुवायला जातील."

शेवटी ट्रंकेतून आजोबांचा कोट निघाला.

हा कोट १९५४ सालचा. तेव्हा भंडारा मध्य प्रदेशात होता आणि गोंदिया भंडाऱ्यात. (ते वेगळं बिऱ्हाड १९९९ साली झालं.) त्या उन्हाळ्यात भंडाऱ्याला लोकसभेची पोटनिवडणूक लागली आणि खुद्द बाबासाहेब आंबेडकर राखीव जागेसाठी उभे राहिले. काँग्रेसचे भाऊराव बोरकर निवडून आले. त्याच मतदारसंघातली दुसरी जागा अशोक मेहतांना मिळाली. ज्यांनी राज्यघटनेचा मसुदा घडवला, त्यांना आमच्या जिल्ह्याने परत पाठवलं. आमच्या जिल्ह्याच्या खात्यात ही नोंद कायमची नावे पडली आहे.

आजोबा प्राथमिक शाळेत मास्तर. गर्दीत त्यांना भाषण फारसं ऐकूच आलं नाही. पण येताना त्यांनी बाबासाहेबांचा फोटो आणला. फोटोत टाय, कोट, सगळं यथासांग. तो भिंतीला लावून आजोबा आजीला म्हणाले, "मी कोट शिवणार."

आजीने त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला म्हणतात.

१९२१ साली मदुराईला गांधीजींनी अंगावरचे कपडे कमी करून पंचा नेसला, हे आम्ही शाळेत शिकलो. ते थोरच. पण ज्याच्याकडे कपडे आहेत त्याने ते सोडण्यात थोरवी असते. आमच्यासारख्या गावकुसाबाहेरच्यांना पिढ्यान्‌पिढ्या धड कपडाच घालू दिला नव्हता, तेव्हा आमची थोरवी तो घालण्यातच असणार. बाबासाहेबांच्या कोटाचं गणित हे होतं. नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात त्यांचे कपडे जपून ठेवले आहेत ते काही उगाच नव्हे.

आता कोट शिवायचा तर माप द्यायला हवं. गावातला शिंपी आमच्या लोकांचं माप चार हातांवरून, नुसत्या नजरेने घेई. सदरा त्यावर निभावतो, कोट नाही. म्हणून आजोबा गोंदियाला गेले. तिथल्या मास्टरने काही न विचारता त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि टेप लावली. आजोबा सांगत, "आयुष्यात पहिल्यांदा परक्या माणसाने खांद्याला हात लावला. मी श्वासच रोखला. त्यामुळे छाती दोन इंच जास्त भरली."

तो कोट घेऊन मी आमच्या म्हाताऱ्या मास्टरकडे गेलो; सोबत तुलनेसाठी माझा पुरीवालाही नेला. मास्टरने आधी रंग नाही पाहिला, कापड नाही पाहिलं. शेवटच्या काजाच्या खाली, वरचं कापड आणि आतलं कापड दोन बाजूंनी चिमटीत धरून ओढलं.

"साहेब, हात लावून पाहा. मधात तिसरं कापड सरकते की नाही?"

सरकत होतं.

"हे घोड्याच्या केसाचं कापड हाये. छातीला आकार हेच देते. टाक्यांनी धरलेलं हाये, म्हणून अंगासंगं हलते. तुमच्या कोटात ते डिंकानं चिकटवलं. डिंक सुटला का फुगे आले."

मग त्याने कॉलर उलटवली. खाली हाताचे बारीक तिरपे टाके, एकासारखा दुसरा नाही. पुढची घडी इस्त्रीने चेपलेली नव्हती. पानासारखी आपणहून वळलेली होती. मला घालायला लावून हात वर करायला सांगितलं; कोट जागचा हलला नाही. (माझा पुरीवाला हात वर केला की कानाशी येतो.) पोटाशी मात्र बटण आणि काज यांच्यात दोन इंचांची तूट होती.

मास्टरने बाजूची शिवण उसवली आणि थांबला.

"पाहा न साहेब, केवढी माया सोडली हाये!"

शिवणीच्या आत तीन बोटं कापड दुमडून ठेवलेलं होतं. कापड वाचवणारा शिंपी एक बोट सोडतो. या माणसाने एका अनोळखी, हडकुळ्या मास्तरासाठी दोन्ही बाजूंना तीन-तीन बोटं सोडली होती: उद्या हा सुधारेल, अंगाने भरेल, याला लागेल. आजोबा काही भरले नाहीत. प्राथमिक शाळेच्या पगारात ते शक्य नव्हतं. ती माया सत्तर वर्षं तशीच पडून राहिली आणि बँकेत बसून सुधारलेल्या नातवाच्या पोटाला लागली.

बँकेत आम्ही दरवर्षी फर्निचरचा घसारा काढतो. या कोटाचा कसा काढावा ते मला बी.कॉम.ला शिकवलं नाही.

लग्नात घामाने अंघोळ झाली, पण कोट उतरवला नाही. "किती दिले?" असं तिघांनी विचारलं. परत येताना मास्टरला विचारलं, आत आता काही उरलंय का?

"एक बोट ठेवलं हाये," तो म्हणाला, "पोराच्या कामी येईल. पण साहेब, तुम्ही जेवण जरा कमी करा."