कागदावरची भुते आणि पडद्यावरची

भुताची गोष्ट सांगणाऱ्याला एक मर्म पक्के ठाऊक असते : भूत दिसले की संपले. माजघराच्या अंधारात ते नुसते उभे असेल असे वाटते, तोवरच पोरे एकमेकांना चिकटून बसतात. मग जी भुते मुळातच कागदावर चितारलेली आहेत, ती पडद्यावर हलतीबोलती केली तर भीती वाढावी की ओसरावी? इटलीत या प्रश्नाचे उत्तर अनेकांनी शोधले. कुणी त्यात नाव कमावले, कुणी हात पोळून घेतले. ती हकीकत मोठी मनोरंजक आहे आणि थोडीशी शहाणे करणारीही आहे.

इटलीत चित्रकथेला 'फुमेत्तो' म्हणतात. फुमेत्तो म्हणजे धुराचे छोटेसे वलय. पात्राच्या तोंडून निघालेले शब्द ज्या फुग्यात लिहितात, तो फुगा त्या लोकांना धुरासारखा दिसला आणि साऱ्या प्रकारालाच ते नाव पडले. चित्रकथा म्हणजे पोराबाळांचा खाऊ, असा समज तिकडे फारसा नाही. १९६२ साली मिलान शहरात आंजेला आणि लुचाना ज्युस्सानी या दोन बहिणींनी 'दियाबोलिक' नावाच्या बुरखाधारी चोराची चित्रकथा काढली, ती आगगाडीने कामावर जाणाऱ्या मोठ्या माणसांसाठी. पुस्तिका खिशात मावेल एवढीच ठेवली होती! १९६८ साली मारिओ बावा या दिग्दर्शकाने दियाबोलिकला पडद्यावर आणले. बावा हा मूळचा छायाचित्रकार आणि भयपटांतला मुरलेला गडी. चित्रकथेची चौकट आणि चित्रपटाची चौकट यांचे नाते त्याने नेमके ओळखले होते. तरीही ती चोराची कथा, भुताची नव्हे.

भुतांची पाळी आली ती १९८६ च्या ऑक्टोबरात. तित्सियानो स्क्लावी या लेखकाने मिलानच्या बोनेल्ली प्रकाशनगृहातून 'डायलन डॉग' हे मासिक सुरू केले. साधा काळापांढरा छाप, शंभराच्या आतबाहेर पाने आणि दर महिन्याला एक संपूर्ण कथा. नायक इटालियन नव्हेच! तो लंडनमध्ये क्रेव्हन रोडवर सात नंबरच्या घरात राहतो. एके काळी स्कॉटलंड यार्डात होता. आता दारावर पाटी आहे ती 'दुःस्वप्नांचा तपासनीस' अशी. दिवसाला पन्नास पौंड आणि वर खर्च, असा त्याचा दर. दाराची घंटा दाबली तर ती वाजत नाही, किंकाळी फोडते.

पण हा वीरपुरुष कसा आहे पाहा. त्याला विमानात बसण्याची धास्ती, बोट लागते, कोंडलेल्या जागेत जीव घाबरा होतो. दारू सोडलेली, मांस वर्ज्य. घरी एक गलबताची प्रतिकृती करायला घेतलेली, ती काही केल्या पुरी होत नाही. विचार सुचेनासा झाला की हा क्लॅरिनेट घेऊन बसतो. जोडीला एक सहायक, हुबेहूब अमेरिकन विनोदवीर ग्राउचो मार्क्ससारखा दिसणारा. भलत्या वेळी भलतेच विनोद करणारा. आणि या कथांतले खरे राक्षस बहुधा कबरीतून उठलेले नसतातच. ते शेजारच्या घरात राहतात, कचेरीत बसतात, सभ्य कपडे घालतात. भुतांची मात्र वाचकाला कणव येते. स्क्लावीने स्वतः खिन्नतेशी दीर्घ झुंज दिली होती आणि त्याविषयी तो पुढे उघडपणे बोललाही. ती खिन्नता पानापानांतून झिरपत असे. इटलीतल्या तरुण वाचकांनी त्या मासिकावर जीव टाकला. एका अंकाच्या लाखांनी प्रती खपू लागल्या. उंबेर्तो एकोसारखा पंडितही त्याचा चाहता होता.

आता चेहऱ्याची गंमत ऐका. नायकाला चेहरा हवा होता. १९८४ च्या 'अनदर कंट्री' या ब्रिटिश चित्रपटातला रूपर्ट एव्हरेट हा तरुण नट चित्रकारांपुढे आदर्श म्हणून ठेवण्यात आला. ती लांबट मुद्रा आणि ते उदास डोळे कागदावर आले, आणि महिन्यामागून महिना इटलीभर विकले जाऊ लागले.

याच सुमारास स्क्लावीपाशी एक कादंबरी होती, 'देल्लामोर्ते देल्लामोरे'. एकाचा अर्थ मृत्यूचा, दुसऱ्याचा प्रेमाचा. फरक एका अक्षराचा. तिचा नायक फ्रांचेस्को देल्लामोर्ते हा एका गावच्या कबरस्तानाचा राखणदार. डायलनचा जणू थोरला भाऊच. १९८९ च्या एका विशेषांकात या दोघांची गाठही घालून दिलेली आहे. कादंबरी १९९१ साली प्रसिद्ध झाली आणि १९९४ साली मिकेले सोआवी या दिग्दर्शकाने तिच्यावर चित्रपट काढला. दारिओ आर्जेंतो या भयपटांच्या नामांकित दिग्दर्शकाच्या हाताखाली तो तयार झालेला होता. आणि प्रमुख भूमिकेसाठी त्याने निवडला कोण? रूपर्ट एव्हरेट! पडद्यावरून कागदावर गेलेला चेहरा कागदाला वळसा घालून पुन्हा पडद्यावर आला.

या चित्रपटातल्या गावी पुरलेली माणसे सातव्या रात्री उठतात. राखणदार त्यांना गोळी घालून पुन्हा निजवतो. सरकारात कळवावे, तर केवढे अर्ज आणि केवढे शिक्के! त्यापेक्षा गोळीच सोपी. कचेरीचे जिने झिजविलेल्या कोणालाही हे पटावे. हसता हसता माणूस गंभीर होतो तो शेवटी. राखणदार आपल्या मुक्या सोबत्याला घेऊन गावाबाहेरच्या जगाकडे निघतो, बोगदा ओलांडतो, तो पुढे रस्ताच तुटलेला! जग संपलेले! हा चित्रपट मुलांना घेऊन पाहण्याजोगा नाही, हे सांगायलाच हवे. परंतु डायलन डॉगचे नाव कोठेही न घेता डायलन डॉगचा जीव त्याने पकडला, असे रसिक आजही मानतात.

सतरा वर्षांनी नाव घेऊन चित्रपट निघाला. २०११ साली अमेरिकेत केव्हिन मन्रो या दिग्दर्शकाने 'डायलन डॉग : डेड ऑफ नाइट' काढला. सुपरमॅन साकारून नाव मिळविलेला ब्रँडन राउथ नायक झाला. लाल सदरा, काळा कोट, जुनी फोक्सवॅगन गाडी, सारे सामान जमवले. पण लंडन गेले आणि न्यू ऑर्लिन्स आले. ग्राउचोही गेला, कारण मार्क्सच्या चेहऱ्याचे हक्क अमेरिकेत आडवे येत होते. १९९९ साली डार्क हॉर्स प्रकाशनाने या कथा इंग्रजीत काढल्या, तेव्हाही बिचाऱ्याच्या मिशा पुसून त्याचे नाव फेलिक्स ठेवले होते! चित्रपटात त्याच्या जागी मार्कस नावाचा दुसराच मदतनीस आला. उरले ते रक्तपिपासू आणि लांडगेमानव यांच्या टोळ्यांचे हाणामारीचे प्रकरण. अमेरिकेत त्याला बारा लाख डॉलरदेखील मिळाले नाहीत.

का पडला हा चित्रपट? मला वाटते, त्याने दागिने उचलले आणि माणूस विसरला. चित्रकथेत वाचक आपल्या गतीने चालतो. दोन चौकटींमधल्या कोऱ्या पट्टीत काय घडले ते त्याचे त्याला भरून काढावे लागते; पान उलटायचे की थांबायचे हेही त्याच्याच हाती. म्हणून भीतीत त्याची स्वतःची भर पडते. पडद्यावर वेळ दिग्दर्शकाच्या हाती असतो. त्या कोऱ्या पट्टीची जागा त्याला मौनाने, सावलीने, थांबण्याने भरावी लागते. सोआवी थांबायला भ्याला नाही. अमेरिकन चित्रपटाने ती जागा ठोसे आणि धावपळ यांनी भरून टाकली. नायक शूर झाला, आणि भित्रा नायक हरवताच त्याच्या भुतांचेही काही उरले नाही.

त्याच २०११ सालच्या सप्टेंबरात प्रकाशक सेर्जिओ बोनेल्ली वारले. पुढे २०१४ साली काही तरुण इटालियन चाहत्यांनी लोकवर्गणी काढून एक छोटा चित्रपट केला, तो रोममध्ये घडविला, त्यात ग्राउचोला सन्मानाने परत आणले आणि तो सर्वांना फुकट दाखविला. मग प्रकाशनगृहानेही शहाणपण धरले. आपली भुते परक्याच्या हाती देण्याऐवजी ते स्वतःच निर्मितीत उतरले. २००० साली सुरू झालेल्या 'डॅम्पिर' या त्यांच्या दुसऱ्या भयमालेवर २०२२ साली चित्रपट आला. बाल्कनमधल्या युद्धात जळालेल्या गावांतून हिंडणारा, रक्तपिपासू बापाचा आणि मानवी आईचा मुलगा हा तिचा नायक. लढाईने माणसाचे काय होते, हे त्या कथेतले खरे भय.

तीस वर्षांत एवढा खटाटोप झाला. हाती लागला तो धडा मात्र आपल्या आज्यांना न शिकताच येत होता. त्यांच्या गोष्टीतली हडळ कशी दिसते, याचे वर्णन फारसे नसेच. ती विहिरीवर का येते, कुणाच्या छळाने तिने जीव दिला, हे मात्र नीट सांगितलेले असे. ऐकणाऱ्याला भय वाटे आणि त्याच वेळी गळाही दाटून येई. स्क्लावीने कागदावर तेच साधले. ज्या दिग्दर्शकाला हे दुःख दिसले, त्याला भुते आपोआप वश झाली.