कॅप्टन सोडून सगळं: बाळू पालवणकर

परवा कर्जत लोकलमध्ये फ्रिट्झ पोलार्डबद्दल ऐकत होतो. हा अमेरिकन फुटबॉलच्या सुरुवातीच्या काळातला कृष्णवर्णीय हाफबॅक, म्हणजे बॉल घेऊन समोरच्या गर्दीतून सुसाट पळणारा गडी. १९२० मध्ये त्याची अ‍ॅक्रनची टीम चॅम्पियन झाली आणि १९२१ मध्ये तो तिचा कोचही झाला. हे ऐकलं आणि आपले बाळू पालवणकर आठवले.

बाळूंचा जन्म १८७६ चा, चर्मकार कुटुंबातला. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबमध्ये महिना ४ रुपयांवर ते रोलर फिरवायचे, नेट बांधायचे. जे. जी. ग्रेग हा तिथला तगडा बॅट्समन. सरावाला त्याला बॉलिंग टाकून टाकून बाळूंची डावखुरी स्पिन घडली. बॅट मात्र तिथे कुणी हातात दिली नाही.

पुण्यातल्या हिंदूंच्या टीमने त्यांना घेतलं, कारण जिंकायचं होतं! मैदानावर सगळे त्याच बॉलला हात लावायचे. चहाच्या वेळी मात्र बाळूंचा चहा पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या भांड्यात. हे वाचलं तेव्हा मी दोन मिनिटं मोबाईल खाली ठेवला.

पुढे प्लेगच्या काळात ते मुंबईला आले. त्यांची गाडीही बोरघाट उतरून आपल्या कर्जतवरूनच गेली असणार. १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियन टीमला १०९ रनने हरवलं, त्यात बाळूंच्या विकेट्सचा मोठा वाटा होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात टीम सारखी हरत होती, पण बाळूंनी एकट्याने ११४ विकेट्स काढल्या.

एवढं करूनही हिंदू टीमचं कप्तानपद? नाही मिळालं. १९२० मध्ये कॅप्टन पै आजारी पडले, तेव्हाही पालवणकरांना डावललं. मग बाळूंचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम सरळ टीममधून बाहेर पडले. गाजावाजा झाला. फायनलला बाळूंना उपकप्तान केलं, आणि पै मुद्दाम मैदानाबाहेर गेल्यामुळे थोडा वेळ सूत्रं त्यांच्या हातात आली. तेवढंच. अखेर १९२३ मध्ये विठ्ठल कॅप्टन झाले आणि टीम जिंकली.

मला वाटतं, बाळूंच्या गुणांना कुणी नाकारलं नव्हतं. विकेट्स सगळ्यांनाच हव्या होत्या. प्रश्न एवढाच होता की त्यांचा हुकूम कोण ऐकणार?

आपल्या गल्लीतल्या टीममध्येही कॅप्टन कोण होतं आणि का, एकदा आठवून बघा. भेटू पुढच्या भागात!