दोन तासांत पहिल्यावरून ७१वा

आजचा विषय एसईओ, म्हणजे सर्च इंजिनवर आपलं पान वर आणायची खटपट. पण खरं सांगू का, ही गोष्ट खोट्या साक्षीची आहे.

१९९०च्या दशकातली सर्च इंजिनं मुख्यतः पानावरचे शब्द बघायची. मग लोक काय करायचे? हवा तो शब्द पानभर लिहायचे, तोही पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत. माणसाला दिसत नाही, यंत्राला दिसतो! १९९८ मध्ये स्टॅनफर्डच्या सर्गे ब्रिन आणि लॅरी पेज यांनी वेगळी पद्धत मांडली, पेजरँक. तुम्ही स्वतःबद्दल काय सांगता एवढंच नको. दुसरी किती पानं, आणि कोणती, तुमच्याकडे बोट दाखवतात तेही बघू. लिंक म्हणजे साक्ष झाली. आणि साक्षीला भाव आला की साक्षीदार विकत मिळायला लागतात.

जे. सी. पेनी ही अमेरिकेतली जुनी, नावाजलेली दुकानांची साखळी. २०१०च्या नाताळात गुगलवर ड्रेस शोधा, चादरी-उशा शोधा, गालिचे शोधा, पेनी आपली पहिली. न्यूयॉर्क टाइम्सच्या डेव्हिड सेगल यांनी एका जाणकाराकडून तपास करून घेतला. पेनीकडे बोट दाखवणारी दोन हजारांहून जास्त पानं निघाली. त्यातली कितीतरी भलत्याच विषयांच्या साइटवर! अणुअभियांत्रिकीच्या साइटवर ड्रेसची लिंक कोण कशाला देईल?

फेब्रुवारी २०११ मध्ये गुगलने कारवाई केली. प्रवासी बॅगांच्या एका शोधात पेनी संध्याकाळी सात वाजता पहिली होती. नऊ वाजता ७१वी. कंपनी म्हणाली, या लिंका आम्ही लावायला सांगितल्या नव्हत्या, आणि तिने आपल्या एसईओ सल्लागार कंपनीला काढून टाकलं. तरी नंबर गेला तो पेनीचाच. काम दुसऱ्याला देता येतं, जबाबदारी नाही देता येत.

पुढे २४ एप्रिल २०१२ला गुगलने पेंग्विन नावाचा बदल आणला आणि अशा लिंका पकडायचं काम यंत्राकडे गेलं.

मला मात्र यात पेनीपेक्षा तिच्या खाली ढकलले गेलेले दुकानदार जास्त महत्त्वाचे वाटतात. पहिली जागा एकच असते. ती कुणी लबाडीने घेतली, की प्रामाणिकपणे चांगला माल विकणारा खाली जातो, आणि आपण का दिसत नाही हे त्याला कळतही नाही. शोधणाऱ्याचीही फसवणूकच.

म्हणून तुमचं छोटं दुकान असेल, क्लास असेल, आणि कुणी म्हणालं, "महिन्याभरात पहिला नंबर, गॅरंटी!", तर लक्षात ठेवा, गुगल स्वतःच सांगतं की अशी हमी कुणीच देऊ शकत नाही. त्या माणसाला एकच विचारा: लिंका कुठून आणणार, यादी दाखवा. यादी दाखवायला तयार नसेल, तर चहा पाजा आणि निरोप द्या.

भेटू पुढच्या भागात.